दाराबाहेरची हाक

सौसरला मी लग्नांचे व्हिडिओ काढतो. मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदाच स्वतःचा एक छोटा सिनेमा करायला घेतला. गोष्ट एका बाईची, जिचा नवरा परत आलेला नाही. तिचं काम शेजारच्या मावशींनी केलं. त्यांचे यजमान संत्र्याच्या ट्रकवर गेले, ते सतरा वर्षं झाली तरी आलेच नाहीत. म्हणूनच मी त्यांना विचारलं होतं, हे आता कबूल करतो.

एका प्रसंगात बाई तूर निवडत बसलेली असते आणि बाहेरून कोणीतरी हाक मारतं. तो माणूस दाखवायचा नाही, नुसता तिचा चेहरा दाखवायचा. बाहेर कोण, हे कळेपर्यंत बघणारा जागचा हलत नाही. गोष्ट तेवढ्यावर पुढे जाते. पण चार-पाचदा घेऊनही मावशींचा चेहरा कोराच.

शेवटी कॅमेरा चालू ठेवून मी मागच्या दाराने बाहेर गेलो. फाटकाची कडी वाजवली आणि मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, मारायचे तशी हाक मारली, "अवं, घरी हायेस का?" लहानपणी ती रोज कानावर पडायची.

आत सूप पडलं. मावशी धावत दारात आल्या.

"तू होय," एवढंच म्हणाल्या आणि सांडलेली तूर गोळा करायला बसल्या. मी माफी मागायला हवी होती. मी आधी कॅमेऱ्यात शॉट बघितला.

पांढुर्ण्याला एका शाळेत सिनेमा दाखवला. त्या प्रसंगाला कोणी खोकलंसुद्धा नाही. परतताना बसमध्ये मावशींनी विचारलं, "बाहेर कोन होतं ते कायले नाई दाखवलं, बाबू?"

"नाही दाखवलं की लोक वाट पाहत राहतात, मावशी."

"ते मालूम हाय मले."

मला झोप येईना. आठवड्याने त्यांच्याकडे गेलो, म्हणालो, "तो शॉट काढून टाकतो."

"नोको काढू," त्या घाईने म्हणाल्या. "त्यात ते आले, असं वाटून राहिलं मले."

आता अधूनमधून मावशी दुपारच्या माझ्या व्हिडिओच्या दुकानात येतात. मी तो तुकडा लावतो. हाक येते, त्यांचा चेहरा उजळतो, त्या उठतात. "इथंच थांबव," म्हणतात. मी थांबवतो. हाक माझीच आहे, पण हल्ली ती ऐकताना माझा आवाज मला ओळखू येत नाही, आणि दुकानाच्या दाराकडे बघायचं मी टाळतो.