धाकटी कोणाची?

आखातात, अल नहदा भागात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सुदानची एक बाई तीन मुलींना घेऊन राहायची. खार्तूममध्ये लढाई पेटली तशी ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली होती. नवऱ्याचा पत्ता नव्हता. कॅनडातल्या भावाने त्यांना तिकडे न्यायला अर्ज केला होता. माझं मोडकंतोडकं अरबी तिला समजायचं. मला ती ‘उख्ती’ म्हणायची, म्हणजे बहीण.

तिच्याकडचं इंटरनेट सारखं तुटायचं, म्हणून व्हिसाच्या मुलाखतीचा व्हिडिओ कॉल आमच्या घरी ठरला. त्या सकाळी ती तासभर आधीच आली. मुलींना टीव्हीसमोर बसवलं, मला किचनमध्ये ओढलं.

“उख्ती, धाकटी माझी नाही. माझ्या बहिणीची आहे. बहिणीच्या घरावर बॉम्ब पडला, ही तेवढी वाचली. पासपोर्ट काढताना मी माझीच म्हणून लिहिलं.”

“मग आताही तसंच सांग,” मी घाबरून म्हणाले. “खरं बोललीस तर चौघींचंही जाणं खलास!”

“आणि रक्त तपासलं तर?”

कॉलची वेळ झाली.

ती बेडरूममध्ये गेली. दाराआडून मला शब्द तुटक ऐकू येत होते. मग एक वाक्य स्पष्ट आलं, “धाकटी माझ्या बहिणीची मुलगी.” ती बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

“काय म्हणाले?”

“कळवू म्हणाले.”

संध्याकाळी नवरा हमरिया बंदराजवळच्या त्याच्या कंपनीतून आला. त्याला सगळं सांगितलं, तर तो आधी दाराची कडी लावून आला. “आपल्या घरून कॉल झालाय. आपल्या व्हिसावर काही येणार नाही ना?” त्याची भीती मला चिकटली. पुढे आठ-दहा दिवस बेल वाजली की मी पीपहोलमधून बघायची, आणि समोर ती दिसली की श्वास रोखून उभी राहायची. ती परत जायची. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

सात महिन्यांनी तीच धावत आली, रडत. बहिणीच्या मृत्यूचा दाखला भावाने कुठून कुठून मिळवला होता. चौघींना व्हिसा मिळाला होता.

मी एअरपोर्टवर सोडायला गेले, तेव्हा चेक-इनच्या माणसाने धाकटीचे कागद पुन्हापुन्हा उलटले. कुणाला तरी फोन लावला. मग वाकून तिलाच विचारलं, “ही तुझी कोण?”

पोरीने आधी मावशीकडे पाहिलं. “माय आँटी,” ती हळूच म्हणाली.

त्याने बोर्डिंग पास पुढे सरकवले. माझ्या मैत्रिणीला ते उचलताच येईनात. शेवटी मीच उचलून तिच्या पर्समध्ये ठेवले.

महिन्याभराने तिचा फोन आला. शाळेच्या फॉर्मवर धाकटीच्या आईच्या जागी तिने बहिणीचं नाव लिहिलं होतं.

“खरं लिहितानाही फार भीती वाटली गं,” ती म्हणाली.