बंद करा, चालू करा

आमच्या ऑफिसात शौकीला सगळे ‘बाशमुहंदिस’ म्हणायचे, म्हणजे इंजिनियरसाहेब. अलेक्झांड्रियात ज्याला प्रिंटरमधला अडकलेला कागद काढता येतो तो इंजिनियर! मी फिक्रिया, टेलिफोनवर बसणारी. बंदरातला माल सोडवून देणारी कंपनी आमची. सगळे फोन माझ्या हातातून जायचे, आणि त्यातले निम्मे शौकीसाठीच असायचे. मी फोन जोडून द्यायचे आणि कान लावून ऐकत बसायचे. खोटं कशाला बोलू? दिवसभर तिथं दुसरा विरंगुळा काय होता?

‘बाशमुहंदिस, कॉम्प्युटरचा पडदा गोठलाय हो!’

‘बंद करा, चालू करा.’

‘बाशमुहंदिस, प्रिंटर रुसलाय.’

‘बंद करा, चालू करा.’

आमच्या हिशेबनिसानं एकदा विचारलं, ‘माझ्या सासूचं डोकं फिरलंय, तिचं काय करू?’ तर हा तेवढ्याच शांतपणे म्हणाला, ‘बंद करा. चालू करूच नका.’ मी फोनवर ऐकत होते हे विसरून फिस्सकन हसले, आणि दोघांनाही कळलं.

लोक आपले घरचे मोबाइलही त्याच्यापुढं आणून ठेवायचे. एका ग्लासभर चहाच्या मोबदल्यात तो ते नीट लावून द्यायचा आणि वर चार गोष्टी सुनवायचा. नवरा असो की बायको, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. जन्मतारीख, लग्नाची तारीख असलं काही ठेवायचं नाही. फोनमधल्या सगळ्याची नक्कल आपोआप होऊ द्यायची, पण घरच्या वायफायवरच, नाहीतर नेटचं पॅकेज दोन दिवसांत उडतं. ट्राममध्ये एकाचा फोन हिसकावून नेला, तेव्हापासून आणखी एक सोय तो सगळ्यांना करून द्यायला लागला: फार वेळा पासवर्डचा आकडा चुकला की फोन स्वतःच कोरा होतो.

त्याची बायको इन्साफ माझी जिवाभावाची मैत्रीण. लग्न मीच जुळवलेलं. तिच्या तोंडाला लगाम नव्हता. ‘ऑफिसातल्या गाढवांना शिकव, मला नको शिकवू,’ असं ती त्याला चारचौघांत सुनवायची. पण फोन मात्र तिनं त्याच्या सांगण्याप्रमाणं लावून घेतला होता.

मग ती आजारी पडली आणि हॉस्पिटलातून परत घरी आलीच नाही. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. ती म्हणाली, ‘फिक्रिया, मायारच्या निकाहाला मी नसणार. पोरीसाठी चार शब्द फोनमध्ये बोलून ठेवते. तू बाहेर जा गं. तुझं रडवं थोबाड बघितलं की मला बोलवत नाही.’

मी गेले. परत आत बोलावलं तेव्हा ती दमलेली होती, पण चेहरा निवळला होता. ‘झालं बाई. शौकीला आत्ता सांगू नकोस, मेला कोलमडेल.’

ती गेली त्या सकाळी नर्सनं प्लास्टिकची पिशवी आणून दिली. चपला, चष्मा, फोन. मी मायारला कवेत घेऊन बाकावर बसले होते. पोर तेव्हा कॉलेजात होती. शौकी रडत नव्हता, नुसता उभा होता. त्यानं फोन हातात घेतला, पडद्यावर बोट फिरवलं. पडदा गोठलेला. त्याच्या बोटांनी जन्मभर केलं तेच केलं. बटण दाबून धरलं. बंद केला. चालू केला.

माझ्या डोळ्यांदेखत केलं त्यानं, आणि मला काही कळलं नाही.

शोकाला आलेली माणसं पांगली तेव्हा मी त्याला निरोपाचं सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ‘फिक्रिया, मी तो तसाच घरी आणून चार्जिंगला लावला असता ना, तर घरच्या वायफायवर सगळ्याची नक्कल आपोआप उतरली असती. एकदा बंद करून चालू केला की पासवर्ड टाकेपर्यंत तो फोन घरसुद्धा ओळखत नाही गं.’

‘मग टाक की पासवर्ड!’

‘कुणाला सांगायचा नाही म्हणून मीच शिकवलं होतं. बाईनं उभ्या जन्मात माझं एक ऐकलं नाही. ऐकलं ते नेमकं हे.’

दुरुस्तीवाले झाले, ओळखीचे झाले, सगळ्यांनी हात टेकले. सुचले ते आकडे त्यानं टाकून पाहिले. आता एकदा जरी चुकला तरी सगळं पुसलं जाणार, अशा जागी येऊन तो थांबला. फोन इन्साफच्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवून दिला.

त्यानंतर ते वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कुणाचा फोन आला की म्हणायचा, ‘हात लावू नका, मी येतो.’ आमची लिफ्ट कायम बंद, त्याचे गुडघे कुरकुरायचे, तरी कठडा धरून चढून जायचा. एक नवा पोरगा म्हणाला, ‘हे काका फोनवर सांगत का नाहीत? नुसतं बंद-चालू करायचं तर असतं!’ मी त्याला असं झापलं की परत माझ्यासमोर त्यानं तोंड उघडलं नाही.

मायारच्या निकाहाच्या दिवशी ती पांढरा पोशाख घालून तयार झाली आणि बापाला म्हणाली, ‘बाबा, आईचा फोन द्या. आज नाही तर कधी?’

शौकीनं शालीतून काढून दिला. ‘तुझाच आहे तो. तूच टाक.’

कुठला आकडा टाकला ते मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. मग त्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं, ‘अहलन’. कोरा, नवा फोन आपलं स्वागत करत होता. खाली बायकांनी आनंदाच्या आरोळ्या ठोकायला सुरुवात केली होती.

‘बाबा, आता काय करायचं?’

हा प्रश्न त्याला दिवसातून किती जण विचारायचे! शौकी पलंगावर बसला आणि ओंजळीत तोंड लपवून हुंदके द्यायला लागला. ‘मी बंद केला गं. मीच बंद केला.’

मायारनं त्याचं डोकं छातीशी धरलं. मग माझ्याकडं वळली. मला ती लहानपणापासून ‘तांत’, म्हणजे मावशी, म्हणायची. ‘तांत फिक्रिया, तू दाराबाहेर होतीस ना? काहीतरी कानावर पडलं असेल. एक शब्द तरी?’

सगळ्या दुनियेची बोलणी चोरून ऐकली मी. आणि नेमकी त्या दुपारी मेली शहाणी झाले, दारापासून लांब खिडकीशी जाऊन उभी राहिले!

‘शब्द नाही गं ऐकू आला, बाळा,’ मी म्हणाले. ‘पण बोलता बोलता एकदा ती मोठ्यानं हसली होती.’

‘कशी हसली? करून दाखव ना.’

शौकीनंही मान वर केली. दोघं माझ्याकडं बघत राहिली. मी डोळे पुसले, घसा खाकरला आणि इन्साफसारखं हसायचा प्रयत्न केला.

‘असं नव्हती हसत ती,’ शौकी म्हणाला. ‘परत एकदा कर.’