धावड्याचा चौथा ठोकळा

सिरोंच्याहून गोदावरी ओलांडली की पलीकडे तेलगू मुलखात व्यापाऱ्यांचं एक मोठं गाव लागतं. नाव लिहीत नाही, आमच्याकडच्या माणसाला कळेलच. गावाच्या मधोमध महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ आहे. किती जुनं, ते तिथल्या पुजाऱ्यालाही सांगता येत नाही. विचारलं की तो नुसता हात वर करतो, म्हणजे आभाळ जेवढं जुनं तेवढं. देवळाच्या चारही अंगांना दुकानं, कापडाची, पितळेची, हळदीची. मागच्या भिंतीला लागून मिरचीचा बाजार. हंगामात माणसं शिंकत शिंकतच प्रदक्षिणा घालतात. दुकानदार सकाळी दुकान उघडायच्या आधी किल्ली देवळाच्या उंबऱ्याला लावून नेतात. आमच्याकडच्या बाया त्या मुलखात मिरची तोडायला जातात. बाजाराच्या दिवशी त्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून तळहात दगडावर टेकवून ठेवतात. मिरचीनं हातांची आग होते, आणि तो दगड उन्हाळ्यातही थंड असतो.

मी देवळात आत फार कमी गेलो. आमचं काम बाहेर होतं, रथाशी.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी रथ निघतो आणि देवळाभोवतीचे चार रस्ते फिरून परत येतो. चाकं लाकडाची, माझ्या खांद्याच्या वर जाणारी. बैलगाडीचं बरं असतं, बैल वळला की गाडी वळते. रथाला तसं काही नाही. दोर ओढणारे लोक त्याला फक्त सरळ ओढू शकतात. वळवायचा असेल तर ज्या अंगाला वळायचं त्या अंगाच्या चाकाखाली लाकडाचा उतरता ठोकळा घालायचा. ते चाक अडतं, दुसरं फिरत राहतं, आणि तेवढा मोठा रथ हळूच तोंड फिरवतो. थांबवायचा असेल तर दोन्ही चाकांखाली घालायचा. ठोकळा वेळेवर पडला नाही तर रथ सरळ कोणाच्या तरी दुकानात.

हा ठोकळा घालायचा मान आमच्या घराचा. आमच्या कोण्या आज्याच्या आज्यानं रथासाठी जंगलातलं लाकूड नदीतून तराफ्यावर नेलं होतं. रथ तयार झाला, पण वळवता कोणालाच येईना. यानं वळवून दाखवला. तेव्हापासून उजवं चाक थोरल्याचं, डावं धाकल्याचं. मी थोरला. बापानंतर उजव्या चाकाशी मी, डाव्याशी माझा भाऊ. वर उभा पुजारी तेलगूत ओरडतो, 'वेय' म्हणजे घाल, 'तीय' म्हणजे काढ. पण पुजाऱ्याच्या ओरडण्यावर राहिलं तर मेलोच. चाकाचा आस कण्हला की त्याच दमात हात खाली गेला पाहिजे. बापानं हे आम्हाला नदीच्या उतारावर भरलेल्या बैलगाडीवर शिकवलं. तिसरीनंतर शाळा सोडून मी शिकलो ते एवढंच, पण पक्कं शिकलो. त्या मोठमोठ्या व्यापाऱ्यांनी गच्चीवरून हात जोडायचे आणि मी लुंगी खोचून त्यांच्या देवाला वाट दाखवायची. याचा मला गर्व होता. अजूनही आहे.

ठोकळे धावड्याचे. धावडा मजबूत लाकूड, पण एकदम वाळला तर तडकतो. म्हणून रथ झाला की लगेच पुढच्या वर्षाचे चार ठोकळे तोडायचे आणि पाण्याच्या काठाला ओल्या रेतीत पुरायचे. मृग लागायच्या आधी काढून माळ्यावर सावलीत ठेवायचे. सावकाश वाळलेला धावडा लोखंडासारखा होतो.

मग खाली नदीवर बांध झाला. पाणी बाराही महिने तुडुंब. काठची रेती पाण्याखाली गेली ती गेलीच. पूलही झाला, डोंग्यानं अर्धा दिवस लागायचा तिथं बस तासाभरात पोचवू लागली. जाणं सोपं झालं आणि न्यायला काही उरलं नाही. दोन-तीन वर्षं जुन्या ठोकळ्यांवर काढली. ते संपले तेव्हा मी शेताच्या बांधावरचा शेवटचा धावडा तोडला.

भाऊ म्हणाला, "दादा, रेती नाई तं काय करतं? तिकडच्या आरामशीनीत वाळलेलं लाकूड भेटते. देवळाच्या कमिटीले सांगू, ते देईन."

"विकतचं लाकूड घालतं देवाच्या चाकाखाली?"

"देवाले का समजते, विकतचं हाय का घरचं?"

"त्याले नाई समजत. मले समजते."

"तुले तं सगळंच समजते," असं म्हणून तो बिडी पेटवायला निघून गेला. त्याचं नेहमीचंच होतं, भांडण अर्ध्यावर सोडायचा.

कमिटीकडून लाकूड घेतलं तर उद्या ती म्हणेल, लाकूड आमचं, रथ आमचा, मग माणूसही आमचाच ठेवू. ही भीती मी भावाला सांगितली नाही. ठोकळे मी धानाच्या कोंड्यात पुरले आणि वरून रोज पाणी मारलं. बायको म्हणायची, "अवो, त्या कोंड्याले आता कोंब फुटन." मी ऐकलं नाही.

काढले तेव्हा तीन चांगले निघाले. चौथ्याला एक चीर होती. केसाएवढी, पण बुडापासून निघून अर्ध्याच्या वर गेलेली. मी तो हातात घेऊन वाजवून पाहिला. चांगला धावडा ठण्ण वाजतो, हा भदकन वाजला.

फेकायला पाहिजे होता. पण तीन ठोकळे घेऊन जायचं म्हणजे चौथा काऊन नाही हे सांगावं लागणार. रथाच्या आधी ठोकळ्यांना हळद-कुंकू लावतात, ते काम भावाचं. त्या वर्षी मी म्हटलं, "राहू दे, मीच लावतो." हळद जाड कालवली आणि चिरेत भरली. वरून कुंकवाचा पट्टा ओढला. मनाशी ठरवलं, हा मी माझ्याच अंगाला ठेवीन, फक्त दाखवायला. वापरायची पाळी येणारच नाही.

बसमध्ये कंडक्टरनं पोत्याला लाथ लावून पाहिली. "हे काय गा, टरबुजं?"

"देवाच्या रथाचे ठोकळे हायेत."

"मंग तिकीट देवाले मागू का?"

भाऊ म्हणाला, "माग, पण तो सुट्टे देत नाई." अख्खी बस हसली. मीही हसलो.

रथ निघाला तेव्हा सगळं नेहमीसारखं होतं. पहिलं वळण नीट झालं, दुसरंही. तिसऱ्या वळणावर कापडवाल्यांची गल्ली लागते. अरुंद, आणि पुढे थोडा उतार. रथ माझ्या अंगाला जास्त वळला. आता तो सरळ करायला डाव्या चाकाखाली ठोकळा पाहिजे होता. भावाचा एक ठोकळा चाकाखाली चिरडून कडा गेलेला, दुसरा मागे राहिला. चौथा मी माझ्या अंगाला, रथाखालच्या फळीवर ठेवला होता. भावानं वाकून रथाखालून हात घातला आणि तोच उचलला.

मी पाहिलं. हे मला नीट लिहायचं आहे. मी पाहिलं, आणि 'तो नको' एवढं म्हणायला वेळ होता. एक श्वास जाईल एवढा वेळ होता. गच्चीवर व्यापारी उभे होते, वर पुजारी, पुढे कमिटीचा अध्यक्ष. मला वाटलं, ओरडलो तर सगळे विचारतील, तो का नको. मी तोंड उघडलं नाही.

पुजारी ओरडला, "वेय!" भावानं घातला. फटाका फुटावा तसा आवाज झाला, ठोकळ्याचे दोन तुकडे झाले आणि चाक पुढे गेलं. त्याचा हात अजून खालीच होता. रथ कोपऱ्यावरच्या पितळेच्या दुकानाच्या पायरीला अडून थांबला. रस्ताभर घागरी घरंगळत होत्या आणि त्या आवाजात भाऊ ओरडल्याचं कोणाला ऐकूही आलं नाही. मला आलं.

लोकांनी त्याला उचललं. मी त्याच्याकडे जायच्या आधी खाली वाकलो आणि ते दोन तुकडे पोत्यात टाकले. फुटलेल्या अंगाला निम्म्यापर्यंत पिवळं होतं, आत उतरलेली हळद. कोणीही पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं. ते तुकडे मी घरी आणून चुलीत घातले.

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

महिन्याभरानं कमिटीनं बोलावलं. अध्यक्ष मिरचीचा अडत्या, माझ्या पोराच्या वयाचा. आम्हाला ताता म्हणतो, म्हणजे आजोबा. त्यानं विचारलं, "ताता, कैसा हुआ?"

मी बोलायच्या आधी भाऊच बोलला. हाताला पट्टी, तो छातीशी धरलेला. "माहा हात तिरपा पडला. ठोकळ्याचा दोष नाई. दादानं बनवलेला ठोकळा हाय तो, त्याले काय होते?"

त्याला वाटत होतं तो मान वाचवून राहिला आहे. आणि त्याला खरंच तसं वाटत होतं, की त्याचाच हात चुकला. मी शेजारी बसलो होतो, छतावरच्या पंख्याकडे पाहत.

अध्यक्ष हळूच म्हणाला, "ताता, हाताची गलती असेल तर हात बुढे झाले. लकडीची असेल तर लकडी बुढी झाली. दोनों तरफ से ब्रेकच लावावा लागेल."

लोखंडी ब्रेक लागला. मला शाल आणि खुर्ची देऊ म्हणाले, रथासमोर बसायला. मी शाल घेतली नाही. बसायला आमचं घर जात नव्हतं.

घरी आता भाऊ डाव्या हातानं जेवतो. लग्नाच्या पंगतीत बसत नाही, मागून एकटा जेवतो. त्याची बायको माझ्यासमोर ताट ठेवते तेव्हा आधी माझ्या हातांकडे पाहते, असं मला वाटतं. माझे हात धड आहेत. त्यांना आता काम नाही.

सांगून टाकावं असं कितीदा मनात आलं. सकाळी अंगणात तो दात घासत असतो, एका अंगठ्यानं लोटा दाबून धरतो, तेव्हा जवळ जातो आणि म्हशीबद्दल काहीतरी विचारून परत येतो. सांगितलं तर बोटं येत नाहीत, मानही येत नाही. एवढंच होईल की त्याला भाऊ राहणार नाही. असं मी स्वतःला समजावतो. पण खरं कारण हे नाही. खरं कारण, त्याच्या तोंडी अजून ते आहे, दादानं बनवलेला ठोकळा. ते मला पाहिजे आहे.

त्याला वाचता येत नाही. म्हणून लिहिलं.

यंदा शिवरात्रीला तोच म्हणाला, "चाल दादा, पाहून तं येऊ." मी नाही म्हणत होतो, पण गेलो. कापडवाल्यांच्या गल्लीत गर्दीत उभे राहिलो. टोपी घातलेला एक मेकॅनिक रथाच्या बाजूनं दांडा धरून चालत होता. खोटं कशाला सांगू, रथ आमच्यापेक्षा नीट वळला. पुजारी वर गप्प उभा होता. ओरडायला त्याला कोणी नव्हतं.

रथ पुढे गेल्यावर भाऊ बराच वेळ त्या पितळेच्या दुकानाच्या पायरीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, एक विचारू? मी रोज हात करून पाहतो, असा टाकला का तसा टाकला. मले तं सरळच टाकल्यासारखा वाटते. तू तं पाहून राह्यला होता. तिरपाच पडला होता का?"

गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. त्यानं उरलेला अंगठा माझ्या बाहीत अडकवला होता, हरवू नये म्हणून.

"हो," मी म्हणालो. "तिरपाच होता."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला.