जाऊबाईंच्या आत्म्यास चिरशांती

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे दुसऱ्याची चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेन शोधायला लागतो. निवृत्त झाले, वर्ग सुटला, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तसं आमचं.

मागच्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, आमच्या चर्चमध्ये नवे आलेले तरुण फादर आल्तारासमोर एक वेताची टोपली घेऊन उभे राहिले. टोपलीत चिठ्ठ्या होत्या. दयेची सात आध्यात्मिक कृत्यं असतात, ती आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ असतात आणि घरी आल्यावर आठवत नाहीत, असं ते म्हणाले. तेव्हा या उपवासकाळात प्रत्येक घराने एक चिठ्ठी उचलायची आणि चाळीस दिवस तेवढं एकच कृत्य मनापासून करायचं. कल्पना मला आवडली. 'पाप्यांना समज देणे' ही चिठ्ठी आपल्यालाच मिळणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. चिठ्ठीशिवायही ते काम मी जन्मभर फुकट करत आले होते.

मला मिळालं 'जिवंतांसाठी व मृतांसाठी प्रार्थना करणे'. समज देण्याची चिठ्ठी गेली आमच्या बेकरीवालीला. जी बाई उरलेल्या पावाला ताजा म्हणते, ती आता लोकांना समज देणार! मी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर फादरना गाठलं आणि चिठ्ठी बदलून मागितली.

"पवित्र आत्म्याने दिलेली चिठ्ठी बदलून मिळत नाही, टीचर," फादर हसून म्हणाले.

पुढचे तीन आठवडे आमच्या गावात राहणं कठीण झालं. वसईच्या पश्चिमेला वाड्यांमधलं लहानसं गाव आमचं. त्यात घरटी एक दयाळू माणूस सुटला. 'अज्ञान्यांना शिकवणे' ज्यांना मिळालं ते निवृत्त पोस्टमन रोज सकाळी माझ्या फाटकाशी थांबून ओला कचरा कुठला आणि सुका कुठला हे समजावून सांगायचे. 'त्रासदायक माणसांना धीराने सहन करणे' मिळालेला चर्चचा ऑर्गनवाला मुद्दाम माझ्या नवऱ्याशेजारी येऊन बसायला लागला. सगळ्यांत हाल झाले ते 'दुःखितांचे सांत्वन करणे' मिळालेल्या बायकांचे. त्या सात-आठ जणी होत्या आणि गावात त्या महिन्यात दुःखी असं कोणीच नव्हतं. लग्नं ठरत होती, बारशी होत होती. त्या बिचाऱ्या संध्याकाळी रस्त्याने जाताना प्रत्येकाच्या तोंडाकडे आशेने बघायच्या.

माझं काम सोपं, असं मला वाटत होतं. पण तिसऱ्या आठवड्यात फादरनी घोळ घातला. ज्यांना प्रार्थनेची चिठ्ठी मिळाली आहे त्यांनी नावांची यादी करून ऑफिसात द्यावी, रविवारची सातची मिस्सा त्या सगळ्यांसाठी अर्पण करू, असं ते म्हणाले. इथवर ठीक. "आणि जिच्याशी आपलं पटत नाही अशी एक व्यक्ती त्या यादीत असलीच पाहिजे," असं म्हणून ते थेट माझ्याकडे बघत राहिले. कोणीतरी चुगली केली होती.

ती व्यक्ती म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमची दोन घरं एकाच अंगणात, मध्ये एक भिंत. त्यांचे यजमान वारले, मुलगी लग्न होऊन चंदनसारला फ्लॅटमध्ये गेली, तेव्हापासून त्या आणि त्यांच्या कोंबड्या. चार वर्षांपूर्वी अंगणातल्या क्रुसाच्या सणाला मी विंदालू केलं होतं. जाऊबाईंनी चाखलं आणि पन्नास माणसांसमोर विचारलं, "गो, ह्यात डुक्कर कुठंय? नुसतं व्हिनेगरच लागतंय." मीही म्हणाले की सुक्या बोंबलांचं मीठ जिच्या हाताला चिकटलंय तिने चव सांगू नये. त्या दिवसापासून अबोला. तसा अगदी अबोला नाही, बोलायचो आम्ही रोजच. मी माझ्या कुत्र्याशी बोलायचे, त्या कोंबड्यांशी. लेकी बोले सुने लागे, असा कारभार होता.

शनिवारी मी यादी करायला बसले. फुलस्केप कागद, मधोमध पट्टीने रेघ. डावीकडे 'हयात', उजवीकडे 'मयत'. मयतांचं पटकन झालं: सासरे, सासू, माझे आईवडील, थोरले दीर. हयातांकडे गर्दी होती. नवऱ्याचे दोन्ही गुडघे, मुलगा, सून, त्यांचा व्हिसा, नातवाची दहावी, कुत्र्याची खरूज. मग विहिरीवरची मोटर. ती हयात की मयत यावर मी जरा थांबले, कारण त्या आठवड्यात ती दोन्ही होती. शेवटी हयातांत घातली. असं करत करत डावा रकाना तळाला पोचला आणि जाऊबाईंचं नाव राहिलं ते राहिलंच. खरं सांगायचं तर मी ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. मन म्हणत होतं, घाल. हात म्हणत होता, विंदालू आठव. अखेर मी त्यांचं नाव लिहिलं. जागा नव्हती म्हणून उजव्या रकान्यात, थोरल्या दिरांच्या खाली लिहिलं आणि तिथून डावीकडे जाणारा एक व्यवस्थित बाण काढला. शाळेत असा बाण पाचवीच्या पोराला कळायचा.

रविवारी सकाळी चर्चला निघताना जाऊबाईंचं दार बंद होतं. कोंबड्या अजून खुराड्यातच ओरडत होत्या. ही बाई पाचला उठणारी. चार दिवस त्यांचा खोकला मला भिंतीतून ऐकू येत होता आणि "काही लोकांनी काढा घ्यायला हवा," असं मी कुत्र्याला सांगितलंही होतं. दार वाजवलं नाही. "आज काही लोकांना उशीर झाला," एवढं कुत्र्याला म्हणून मी पुढे गेले.

आमचे आधीचे फादर नावं मिस्साच्या सुरुवातीला वाचायचे. हे नवे फादर शेवटी वाचतात, कारण लोक उशिरा येतात. त्यांनी माझा कागद उघडला. ते गावात नवे, त्यांना अजून निम्मी माणसं नावाने ठाऊक नाहीत. "पुढील मृतात्म्यांना चिरशांती लाभावी म्हणून," ते म्हणाले, आणि सासरे, सासू, आईवडील, दीर असं वाचत वाचत त्यांनी जाऊबाईंचं आडनावासकट पूर्ण नाव वाचलं.

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," मी सवयीने म्हणाले. सगळे इतके गप्प झाले होते की चर्चमध्ये माझा एकटीचाच आवाज घुमला.

मग माझ्या लक्षात आलं. बाण! माझाच कागद, माझाच बाण, त्यांनी बघितला नाही. मी लाल पेनाच्या रागाने उठले आणि उठता उठता मला त्या कोंबड्या आठवल्या. बंद दार आठवलं. काल तो खोकला होता आणि आज सकाळी नव्हता. फादरनी कागद नीट वाचला असेल आणि खरंच काही निरोप आला असेल तर? मी देवाला बाणाने दाखवून ज्या रकान्यात ठेव म्हटलं होतं, त्यात त्या नसल्या तर? आशीर्वाद होईपर्यंत मी कशी थांबले, मला माहीत नाही.

चर्चपासून आमचं घर दहा मिनिटांवर आहे. नवरा गुडघे सांभाळत मागे राहिला, मी पळतच निघाले. पण चर्चच्या दारातच त्या सांत्वनाच्या सात-आठ जणी उभ्या होत्या. तीन आठवडे उपाशी होत्या! पहिलीने मला मिठी मारून माझं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. "बाण," मी आतून ओरडत होते, "तिथे बाण होता!"

"बघ गो, शॉक बसलाय हिला," ती दुसरीला म्हणाली आणि मला तिच्याकडे दिलं. दुसरीने तिसरीकडे. आठवीच्या हातून सुटले तेव्हा माझ्या केसांतला गजरा कुणाच्या तरी हातात राहिला होता.

पुढे वळणावर पोस्टमन. मृत्यूचा दाखला कसा काढायचा, आधार कार्डाच्या किती प्रती लागतात आणि त्यांवर सही कुठे करायची, हे ते माझ्याबरोबर धावत धावत शिकवत होते. मी हो हो म्हणत होते. बरंचसं आजही लक्षात आहे.

बेकरीसमोर बेकरीवालीने रस्ता अडवला. कंबरेवर हात ठेवून ती म्हणाली, "आता कशाला पळतेस, टीचर? जिती होती तेवा चार वर्सं बोलली नाय तिच्याशी. एक भिंत होती मधे. आता पळून कोनाशी बोलनार?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. तीस वर्षं मी लोकांना समज दिली, पण इतकी नेमकी समज मला कधी देता आली नव्हती. मी रस्त्यात उभी राहून रडले. तेवढ्यात चर्चची घंटा मयताच्या चालीने वाजायला लागली आणि मी पुन्हा पळत सुटले.

पण लोक वाडीतल्या आडवाटेने माझ्या आधी पोचले होते. अंगणात तीसेक माणसं होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कोणी चहाचा थर्मास आणला होता, कोणी पाव, कोणी उकडलेली अंडी. दोघं जण डोक्यावरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणत होते. सगळे त्या बंद दाराकडे बघत होते. आत पहिल्यांदा कोणी जायचं, हे ठरत नव्हतं. मी गर्दीतून वाट काढत ओट्याच्या पायरीशी पोचले आणि दाराला हात लावणार, तोच दार आतून उघडलं.

जाऊबाई चर्चची साडी नेसून, हातात जपमाळ आणि छत्री घेऊन उभ्या होत्या. डोळे सुजलेले, झोपेने. मुलीने पाठवलेलं खोकल्याचं औषध रात्री दोन चमचे जास्त घेतलं होतं, असं मागाहून कळलं. घंटा ऐकून त्या जाग्या झाल्या होत्या आणि मयताला जायला घाईघाईने तयार झाल्या होत्या. अंगणभर माणसं बघून त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

"कोन गेला गो?" त्यांनी विचारलं.

शेवटी थर्मासवाली म्हातारी पुढे झाली. "तू गेलीस, बाय," ती म्हणाली.

"कधी?"

"सातच्या मिस्साला."

जाऊबाई विचारात पडल्या. मी पायरीवरच बसले होते. हसू येत होतं आणि रडूही थांबत नव्हतं. इतका आनंद मला मुलगा पहिल्या नंबराने पास झाला तेव्हाही झाला नव्हता. तेवढ्यात फादर स्कूटरवरून आले, हातात पवित्र पाण्याची बाटली. जाऊबाईंना उभ्या बघून त्यांनी स्कूटर स्टँडवर लावायच्या ऐवजी सोडूनच दिली. खिशातून माझा कागद निघाला. जाऊबाईंनी तो घेतला, चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला. घाई कसलीच नव्हती त्यांना.

"हा बाण कसला?" त्यांनी मान वर करून थेट मला विचारलं. मध्ये कुत्रा नाही, कोंबडी नाही.

"जिवंतांकडे जातो तो, बाय," मी म्हणाले. "डावीकडे जागा नव्हती."

"कुत्र्याला जागा होती?"

त्यांचं बोट कागदावर आणखी खाली सरकलं.

"मोटारीला पन होती?"

"मोटर बिघडली होती गो."

"मी तुझ्या यादीत हाय, हेच मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी करून त्यांनी तो पोलक्यात ठेवला. फादर माफी मागायला लागले, तर त्यांनाही थांबवलं. "मला 'अपराधांची क्षमा करणे' आलीये, फादर. तीन आठवडे वाट बघते, एक मानूस माझा अपराध करील तर शपथ. केली क्षमा. दोघांनाबी केली. आता बसा." तेवढ्यात आत फोन वाजला. कोणीतरी चंदनसारला कळवलं होतं. "मी मेली नाय," जाऊबाई फोनवर मुलीला ओरडल्या. "जेवायला येतेस काय?"

लोक इतकं घेऊन आले होते, ते परत कसं नेणार? खुर्च्या मांडल्या, थर्मास उघडले. सांत्वनवाल्या बायका जरा हिरमुसल्या होत्या, पण अंडी सोलताना त्यांनाही बरं वाटलं. दहापर्यंत सगळे पांगले. अंगणात आम्ही दोघीच उरलो.

"आता सांग," जाऊबाई खुर्ची माझ्याकडे ओढून म्हणाल्या. "माझं नाव वाचल्यावर कोन कोन रडला?"

मी सगळं सांगितलं. ऑर्गनवाल्याने डोळे पुसले, सांत्वनवाल्या तर भरून पावल्या, पोस्टमन रडले नाहीत कारण ते शिकवत होते. त्या एकेकाचं नाव ऐकून मान हलवत होत्या, कुणाचं पटत होतं, कुणाचं नव्हतं.

"आनि तू?"

"मी धावत होते."

"धावताना रडलीस काय नाय?"

"रडले," मी म्हणाले.

जाऊबाईंनी पावाचे दोन तुकडे केले, मोठा माझ्या बशीत ठेवला आणि पुढे सरकून बसल्या.

"किती?"