पाटी ज्यानं रंगवली

१९९९ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. नाशिकच्या फुलबाजारात माझी झेंडूची टोपली लाथाडणाऱ्या हवालदाराला मी शिवी हासडली, म्हणून मला कोठडीत टाकलं. आत एक पेंटर होता, चोरीच्या संशयावरून आणलेला. त्याच हवालदारानं तळपायांवर पट्ट्यानं मारून, सूज दिसू नये म्हणून त्याला चालत राहायला लावलं होतं. चालता चालता तो बोटानं भिंतीवर अक्षरं गिरवायचा.

गजांबाहेर पाटी होती. मी दुसरी शिकलेला, अक्षर अक्षर लावून वाचली : ‘अटकेतील व्यक्तीस मारहाण करणे गुन्हा आहे.’

"वाचलीस का रे ही?"

"बाबा, मीच रंगवली ती. तवा ह्याच हवालदारानं च्या पाजला व्हता."

"मग उद्या कोर्टात तळव्यांवरचे वळ दाखव."

"नाय बाबा. परत हितंच आणतील."

जगातल्या देशांनी मिळून म्हणे लिहून ठेवलंय, कैद्याला छळायचं नाही. लिहिणाऱ्यांनी ही कोठडी पाहिली नसावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघांना कोर्टात उभं केलं. जज्जसाहेबांनी त्याला विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

"नाय साहेब."

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी ओरडलो, "साहेब, त्याला चपला काढायला सांगा!"