डावीकडची सीट

आमच्या घरात आधीपासून एक गाडी होती. सात माणसांची, उंच, काळी, आणि माझ्या नवऱ्याच्या मते घरातली सगळ्यात शहाणी. ती रोज सकाळी सहाला त्याला घेऊन पाटणला कामावर जायची आणि दिवस मावळल्यावर परत यायची. मधल्या वेळात कोरेगावच्या आमच्या घराला चाकं म्हणून काय ती माझ्या स्कूटीची. तेवढ्यावर बरं चाललं होतं. मग सासूबाईंच्या किडन्या गेल्या.

मी त्यांना आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. आत्याबाईंना सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा साताऱ्याला डायलिसिससाठी न्यावं लागायचं. पहिले दोन महिने त्या वडापच्या जीपमधून गेल्या. येताना अंगात त्राण नसायचं आणि जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसलेली माणसं. एकदा त्यांना उलटी झाली. एका बाईनं पदर नाकाला लावला आणि ड्रायव्हरला म्हणाली, ‘आदी ह्यास्नी उतरवा.’ मामंजींनी त्यांना धरून उतरवलं आणि पुढचे चार किलोमीटर दोघं रस्त्याच्या कडेनं बसत-उठत आली. त्या संध्याकाळी नवरा ताटावरून उठला आणि म्हणाला, ‘अजून एक गाडी घेऊ. लहान, साधी. फक्त आईसाठी.’

चालवणार कोण, तर मी. हे तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, हे इथं लिहून ठेवलं पाहिजे. माझं लायसन्स आठ वर्षांपूर्वीचं. एवढ्या काळात ते फक्त सिमकार्ड घेताना कामी आलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी सकाळच्या शाळेत शिकवते, दुपारी बारानंतर मोकळी असते आणि डायलिसिसची दुपारची पाळीही मिळत होती. म्हणजे अडचण काहीच नव्हती. मला भीती वाटायची, एवढंच. स्टेअरिंग धरलं की तळहाताला घाम सुटायचा. गाडी बघायला निघायच्या आदल्या दिवशी मामंजी म्हणाले, ‘पोरीला कशाला घोर? मी हाय की.’ आणि मी, खोटं कशाला सांगू, सुटले.

मामंजींवर शंका घेणं म्हणजे देवाला कौल मागून परत पुजाऱ्याला विचारणं. एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर. सातारा जिल्ह्यातला असा घाट नाही की जो ते लाल गाडी घेऊन चढले-उतरले नाहीत. विनाअपघात सेवेचा बिल्ला घरात काचेच्या कपाटात, लग्नातल्या फोटोच्याही वर. आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी बिल्ला बघायचा, असा रिवाजच होता. आत्याबाई तेवढ्या त्या वेळी माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘त्यास्नी स्टेरिंगवरनं उठवू नगंस बाई. एकदा घरात बसलं तर परत उठायचं न्हाईत.’ मला वाटलं, नवऱ्याचा मान राखायला सांगतायत.

गाडी मिळाली सांगलीत, विश्रामबागेतल्या एका निवृत्त गुरुजींकडं. पांढरी, लहान, पाच वर्षं वापरलेली आणि इतकी स्वच्छ की पायपुसणीवर पाय ठेवायला संकोच वाटावा. मामंजींनी तिच्याभोवती फेरी मारली. डोळ्यांनी नाही, हातानं. बॉनेटवरून, दारांवरून, चाकांच्या कमानीवरून सावकाश तळहात फिरवत गेले. मग इंजिन चालू करून कान दिला. गुरुजी भारावून म्हणाले, ‘जाणकार माणूस आहे.’ आम्हीही मान डोलावली. मामंजींना त्या गाडीतलं एकच आवडलं होतं, ते त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. ‘फुडची काच मोटी हाय आन् बॉनेट पांढरं हाय. दिसतंय.’ ह्या वाक्यावर कुणी थांबून विचार करावा, इतकं शहाणं माणूस आमच्यात कुणी नव्हतं.

व्यवहार झाला, आत्याबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, गुरुजींच्या बायकोनं पेढा दिला. मामंजी गाडी मागं घेऊ लागले आणि डावीकडचा आरसा फाटकाच्या खांबाला घासून गेला. लांब ओरखडा. मग मामंजी खिडकीतून डोकं काढून म्हणाले, ‘कंडक्टर कुटं गेला आमचा?’ आणि सगळे हसले. एसटी मागं घ्यायची तर कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारतो, डावी बाजू तोच बघतो. त्याच्याशिवाय ड्रायव्हरनं काय करावं? आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. मागच्या सीटवरून उतरून पुढं, डावीकडं जाऊन बसल्या. नवरा म्हणाला, ‘आई, मागं पाय लांब करून बस ना.’ त्या म्हणाल्या, ‘हितंच बरं वाटतंय मला.’

त्या सीटवर त्या पुढचे सात महिने बसल्या.

परत येताना कराड, मसूर, रहिमतपूर, प्रत्येक थांब्याचं नाव मामंजी थांबा यायच्या आधी सांगत होते. नवऱ्याची गाडी पुढं होती. मी नव्या गाडीत, मामंजी-आत्याबाईंच्या मागच्या सीटवर. मसूरला चहाला थांबलो. निघताना मामंजींनी गाडी रस्त्याच्या तोंडाशी आणून उभी केली, उजवीकडं बघितलं आणि तसेच बसून राहिले. आत्याबाईंनी डावीकडं वळून बघितलं आणि हातातल्या बांगडीनं डॅशबोर्डवर दोन ठोके दिले. टक, टक. गाडी हलली. मला हसूच आवरेना. एक बेल म्हणजे थांबा, डबल म्हणजे चला. एवढं तर एसटीत बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मामंजी म्हणाले, ‘डबल झाल्याबिगर गाडी हलवायची न्हाई. मागं कोनी बोंबलू दे, साहेब येऊ दे. चौतीस वर्सं हाच नेम.’

पुढं एकदा मी मागच्या सीटवरून त्याचा व्हिडिओ काढला. म्हातारा सुकाणूवर ताठ, म्हातारी शेजारी पदर सावरून, बांगडीचे दोन ठोके, गाडी चालू. घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या नणंदेनं हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे पाठवले. नवऱ्यानं लिहिलं, ‘जित्याची खोड.’ त्या म्हणीचा पुढचा अर्धा भाग कुणीच लिहीत नाही, सगळ्यांना पाठ असतो म्हणून. तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. नीट बघितला तर दिसतं, मामंजींचा चेहरा एकदाही डावीकडं वळत नाही.

तसं दिसायला बरंच काही दिसत होतं. मामंजींनी पेपर वाचणं सोडलं होतं. म्हणायचे, ‘त्यात काय ऱ्हायलंय?’ जेवताना ताटाच्या डाव्या बाजूची चटणी तशीच राहायची आणि मी मनात म्हणायची, वयानं तिखट सोसत नसेल. साताऱ्याहून येताना ते मुख्य रस्ता सोडून आतल्या, गावांमधल्या रस्त्यानं यायचे. कारण विचारलं तर, ‘रहदारी कमी, हिला धक्के बसत न्हाईत.’ त्या रस्त्याला तर खड्डेच खड्डे. गाडीच्या कप्प्यात डोळ्यांत घालायच्या औषधाची लहान बाटली सापडली तेव्हा मी झाकण घट्ट लावून परत ठेवली. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथं दिवा तरी कुठं लावला होता आम्ही? आमची सोय होत होती. सोय होत असली की माणसाला प्रश्न पडत नाहीत.

तो शुक्रवार होता. मामंजी चालवायला लागल्यापासून आत्याबाई सकाळच्या पाळीला जायच्या. शाळा सुटायला पंधरा मिनिटं होती आणि आत्याबाईंच्या फोनवरून मला फोन आला. आवाज अनोळखी पुरुषाचा. ‘ताई, फाट्यावर या लगीच. तुमच्या म्हाताऱ्या बाबांनी गाडी तोंडाला लावलीय आन् हलवंनात. मी दुधाच्या टेंपोवर हाय. अँब्युलन्सला फोन केलाय.’ मी विचारलं, ‘कशाला अँब्युलन्स?’ तो म्हणाला, ‘तुमी या फकस्त.’

आतला रस्ता जिथं कोरेगावच्या मोठ्या रस्त्याला मिळतो तो हा फाटा. तिथून उजवीकडं वळलं की घर. मी स्कूटी टाकली आणि धावले. पांढरी गाडी अगदी तोंडाशी उभी होती, इंजिन चालू, उजवीकडचा दिवा टिकटिकत. मागं ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली, दुधाचा टेंपो. आधी म्हणे सगळ्यांनी हॉर्न वाजवले, शिव्या घातल्या. मग टेंपोवाला उतरून भांडायला पुढं आला, त्यानं डावीकडच्या खिडकीतून आत बघितलं आणि गप्प झाला. तेव्हापासून सगळेच गप्प होते. म्हाताऱ्याला सांगायचा धीर कुणाला झाला नव्हता.

मामंजींचे दोन्ही हात स्टेअरिंगवर. नजर समोर.

‘मामंजी,’ मी म्हटलं.

‘आलीस व्हय? बरं झालं. तिला इचार, डावीकडून मोकळं हाय का. लय येळ झाला, बेलच दीना. झोपली आसंल. डायलिसिसनं दमती ती.’

मी पलीकडं गेले. आत्याबाईंचं डोकं काचेला टेकलं होतं. सुयांच्या हाताला पांढरी पट्टी, बांगड्यांचा हात मांडीवर उताणा. मी गालाला हात लावला.

त्या क्षणी मला काय वाटलं, ते स्पष्ट सांगते. दुःख नंतर आलं. आधी राग आला, ह्या माणसाचा. हातभर अंतरावर बायको जाते आणि ह्याला दिसत नाही? मी ओरडलेच, ‘तुम्ही बघितलं कसं नाही? शेजारीच होत्या ना!’

मामंजींनी मान वळवली. पूर्ण वळवली, पार खांद्यापर्यंत, कोंबडी एका डोळ्यानं बघते तशी. तेवढी वळवल्यावर कुठं त्यांना ती दिसली. मग ते हळू म्हणाले, ‘मला त्या अंगाचं दिसत न्हाई गं पोरी. दोन वर्सं झाली. तिला ठावं हाय.’

अँब्युलन्स आली. त्यांनी बघितलं आणि नुसती मान हलवली. हृदय बंद पडलं, डायलिसिसच्या रोग्यांत असं होतं, असं मग डॉक्टरांनी समजावलं. कुणाचा दोष नाही, असंही म्हणाले. नवरा पाटणहून आला तेव्हा आधी आईपाशी रडला आणि मग बापावर असा ओरडला की शेजारच्यांनी त्याला धरून बाहेर नेलं. ‘मारलं असतंत तिला कुठंतरी!’ मामंजी म्हणाले, ‘न्हाई. ती व्हती ना बघाय.’ ओरडायला हवं होतं ते माझ्यावर. लायसन्स माझं होतं, दुपार माझी होती, भीती माझी होती. त्या दोघांनी मिळून एक ड्रायव्हर केला, तो माझी जागा भरायला.

तेरावं झाल्यावर काचेच्या कपाटातला बिल्ला दिसेना. कुणी काढला हे मी विचारलं नाही.

गाडी विकू, असं नवरा एकदोनदा म्हणाला. मी नको म्हटलं. रोज शाळेवरून आल्यावर मी ती बाजारपटांगणावर न्यायची आणि घामेजल्या हातांनी गोल फिरवायची. सव्वा महिन्यानं मामंजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडं साताऱ्याला नेलं. काचबिंदू. डावा डोळा गेलाच होता, उजव्याला नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘आजोबा, घरात कसे वावरता?’ मामंजी म्हणाले, ‘वावरत व्हतो.’

जाताना मी मोठ्या रस्त्यानं गेले. येताना त्यांनीच आतला रस्ता घ्यायला लावला. ते डावीकडच्या सीटवर बसले होते, हात गुडघ्यांवर. माझ्या ब्रेकवर नाही, क्लचवर नाही, एक शब्द बोलले नाहीत. फाटा आला. मी गाडी तोंडाला उभी केली, उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. पण मला काही गाडी हलवता येईना.

मामंजींना ते कळलं. त्यांचा हात उठला, डॅशबोर्डवर चाचपडत फिरला. बांगडीनं तिथं बारीक खळगे पडले होते, आंब्याच्या कोयीएवढ्या जागेत. बोटांना ते सापडले. त्यांनी बोट वाकवून ठोका दिला. एकच.

मी दुसऱ्याची वाट बघितली. तो आला नाही.

‘बाजूला घी,’ ते म्हणाले. ‘ती हितं उतारली.’

मी गाडी कडेला घेऊन बंद केली. मागचा मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत निघून गेला. मग मामंजींनी विचारलं, ‘ह्या अंगाला काय हाय गं? तिच्या खिडकीतनं काय दिसतं?’

मी वाकून त्यांच्या पलीकडं बघितलं आणि सांगितलं. ऊस आहे, मामंजी. उसाच्या कडेला एक विहीर आहे. विहिरीवर एक बाई धुणं धूत आहे.

‘आन् रस्त्याला?’

‘रस्त्याला कुणी नाही.’

‘म्हंजी मोकळं व्हतं,’ ते म्हणाले.