मैनेची वेणी

त्या गल्लीत केसांबद्दलचा शेवटचा शब्द पार्लरवालीचा असे. कुणाचे गळतात, कुणाचे पिकलेत, कलप लावून कोण शपथेवर नाही म्हणतं, सगळं तिला ठाऊक. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक फिरती खुर्ची, भिंतभर आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन आणि निळ्या पाण्यात बुडवलेल्या कंगव्यांची बरणी. ती बरणी मुद्दाम दारासमोर ठेवलेली. येणाऱ्याला आधी स्वच्छता दिसली पाहिजे, असं ती म्हणे. हाताला गुण होता आणि जिभेला धार. बायका दोन्हीसाठी येत.

तिची छकुली त्या वर्षी बालवाडीत जायला लागली. शाळा सुरू होण्याआधी बाईंनी पालकांना बोलावलं. आया-बाप त्या एवढ्याएवढ्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले.

"ताप असेल तर मूल घरी ठेवा," बाई म्हणाल्या. "सकाळी औषध पाजून पाठवायचं आणि दुपारी इथे अंग भट्टीसारखं तापायचं, असं नको. खिशात मणी, नाणी, गोट्या ठेवू नका, ती थेट नाकात जातात. गळ्यात लांब दोरा नको, घसरगुंडीत अडकतो. आणि न्यायला दुसरं कुणी येणार असेल तर आधी कळवा. पोरगं 'काका, काका' म्हणतंय एवढ्यावर मी ते कुणाच्या हाती देणार नाही."

मग त्या उवांवर आल्या. दर आठवड्याला डोकं बघा, सापडल्या तर लाजू नका, लगेच सांगा. सगळ्यांनी एकदम औषध केलं तरच त्या जातात.

"उवा काही आभाळातून पडत नाहीत, बाई," पार्लरवाली मागून म्हणाली. "ज्याच्या त्याच्या घरच्या स्वच्छतेवर असतं ते."

बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. "उवांना धुतलेलं डोकं काय नि मळकं काय, दोन्ही सारखंच," एवढंच म्हणाल्या. हे पार्लरवालीला ठाऊक नव्हतं असं नाही, काम शिकताना पहिल्याच आठवड्यात तिला ते शिकवलं होतं. पण चार बायका आपल्याकडे जाणकार म्हणून बघत असल्या की खरं ते आठवत नाही, शोभेल ते आठवतं.

शाळा सुरू झाली, पोरं रुळली आणि एके दिवशी बाईंनी फाटकात सांगितलं, "वर्गात उवा निघाल्यात. आज घरी जाऊन प्रत्येकाचं डोकं बघा." आयांनी पार्लरवालीला गराडाच घातला. कुणाच्या असतील हो? तुम्हाला तर नुसत्या नजरेनं कळत असेल.

नजरेनं काही कळत नाही. पण तसं म्हणायला तिची जीभ वळेना. समोरून इस्त्रीवाली येत होती. बोचकं डोक्यावर, लेक हाताशी. लेकीला सगळे मैना म्हणत, कारण तोंडाला खीळ कशी ती नव्हती. मैनेचे केस कमरेपर्यंत आणि वेणी अशी जाड की बघणाऱ्याची नजर लागावी.

"आईला दिवसभर इस्त्रीतून मान वर करायची फुरसत नाही," पार्लरवाली हळूच म्हणाली. "एवढे केस बघणार कोण?"

नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मैनेच्या शेजारी कुणी बसेना. आया घरून बजावून पाठवत होत्या. बाई रागावल्या, समजावून सांगितलं, शेवटी मैनेला त्यांनी आपल्याच खुर्चीजवळ बसवून घेतलं.

रविवारी छकुलीला न्हाऊ घालताना पार्लरवालीचा हात थबकला. कानामागे लिखा, पांढऱ्याशुभ्र, केसाला घट्ट चिकटलेल्या. फणी फिरवली तर टॉवेलवर जिवंत उवा पडल्या. पोर शाळेआधीच्या सुट्टीत मामाकडे जाऊन आल्यापासून डोकं खाजवत होती, आणि ही घामोळं म्हणून पावडर लावत होती. गल्लीभरची डोकी बघणाऱ्या बाईनं आपल्या पोरीचं डोकं बघितलं नव्हतं. इतक्या लिखा काही चार दिवसांच्या नव्हेत. म्हणजे वर्गात गेल्या त्या इथूनच.

सासूबाई दारातून बघत होत्या. "उद्या शाळेत सांग," त्या म्हणाल्या.

"दुकान बसेल माझं, आई. पार्लरवालीच्या घरात उवा म्हटल्यावर खुर्चीत कोण बसेल?"

"आणि त्या पोरीचं काय? फाटकात काय चाललंय ते माझ्याही कानावर आलंय."

तिनं टॉवेल गोळा करून बादलीत टाकला. औषध लावलं, उशांचे अभ्रे उकळले आणि शाळेत सर्दीचा निरोप धाडला. छकुलीलाही बजावलं, कुणाला सांगायचं नाही. सांगताना तिला पोरीच्या डोळ्यांत बघवेना.

दोन-तीन दिवस असेच गेले, आणि एका दुपारी इस्त्रीवाली मैनेला घेऊन दुकानात आली. ती या दुकानात कधी आली नव्हती. दारातच चप्पल काढली.

"ताई, हिचे केस कापायचेत. बारीक करा, पोरांसारखे."

"एवढे छान केस. कशाला?"

"रोज रडत येते. मी दोनदा औषध लावलं. काही निघत नाही, तरी लोकांना पटत नाही. केसच नसले तर बोलणार काय?"

पार्लरवालीनं मैनेला खुर्चीत बसवलं, वेणी सोडली आणि सवयीनं भांग पाडत केस तपासले. कानामागे, मानेवर, टाळूवर. एक लीख नाही. तेल लावून, विंचरून, निगुतीनं सांभाळलेले केस.

"स्वच्छ आहे हो डोकं," ती म्हणाली. "राहू द्या केस."

"तुम्ही म्हणता ते खरं. पण फाटकात कोण ऐकणार? कापा."

हीच वेळ होती. फाटकात तिचंच तर ऐकत होते सगळे. आतल्या खोलीतून छकुलीच्या गाण्याचा आवाज येत होता. तिनं कात्री उचलली. हात सराईत असतो, त्याला मनाशी देणंघेणं नसतं. काळेभोर केस मांडीवर, खुर्चीवर, फरशीवर पडत गेले. मैना, जी कधी गप्प बसत नसे, ती आरशात टक लावून गप्प बसली होती. काम संपल्यावर तिनं मानेवरून हात फिरवला आणि विचारलं,

"काकू, आता मी छकुलीजवळ बसू ना? ती बरी होऊन आली की?"

पार्लरवालीनं कात्री खाली ठेवली. ती बेसिनच्या कडेला टेकली आणि पदरात तोंड घेऊन म्हणाली, "छकुली आजारी नाही. उवा तिच्या डोक्यात होत्या. रविवारपासून माहीत आहे मला. आणि तुमच्या मैनेवर आळ मीच आणला."

इस्त्रीवाली ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं खाली बसून केस गोळा केले, ओच्यात बांधले आणि उठली.

"हे कात्री लावायच्या आधी बोलला असतात," ती म्हणाली, "तर वेणी तरी राहिली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लरवाली फाटकात जरा आधीच जाऊन उभी राहिली. बाईंना तिनं सगळं सांगितलं, आणि आयांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. मैनेचं डोकं आपण पाहिलंय आणि त्यात काही नव्हतं, हे तिनं दोनदा म्हटलं. कुणी "जाऊ दे गं" म्हणालं, कुणी तोंड फिरवलं. एकीनं तर तिच्यादेखत आपल्या पोरीला ओढून जवळ घेतलं. मैनेच्या वाट्याला जे जे आलं होतं, ते आता पार्लरवालीच्या वाट्याला आलं. बाई म्हणाल्या, "लाजू नका म्हणून सांगितलं होतं मी." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

दुकानाची गर्दी महिनाभर कमी झाली, मग हळूहळू परत आली. बायका विसरतात. इस्त्रीवाली रस्त्यात भेटली की ओळखीची मान हलवी, त्यापलीकडे काही नाही.

मैना मात्र छकुलीला खेळायला बोलवायला येई. केस आता कानाखाली आले होते आणि तोंडाची टकळीही पूर्ववत सुरू झाली होती. पण ती आत येत नसे. रस्त्यावरूनच हाक मारी. पार्लरवाली दारात जाऊन "ये ना गं आत, उन्हात का उभी?" म्हणे, तेव्हा पोरीचा हात आपोआप मानेवर जाई, आणि ती गोड हसून म्हणे, "नको काकू, मी इथेच बरी."